करडांची वजनवाढ : एका सरासरीवर भिस्त नको

माननीय संपादक,

शेतीच्या पानांवर शेळीपालनाचा मजकूर आता नेमाने येतो, ही चांगली गोष्ट आहे. धाराशिव, लातूर, बीड, परभणीकडच्या कोरडवाहू घरांत उस्मानाबादी शेळी म्हणजे अडीनडीचा पैसा. सोयाबीन हातचे गेले तरी बोकड विकून मुलांची फी भरता येते. म्हणूनच या मजकुरातल्या एका सवयीबद्दल हे पत्र लिहीत आहोत. ‘अमुक खुराकाने करडांचे वजन तीन महिन्यांत इतके टक्के वाढले’ असा आकडा छापला जातो. पण तो किती करडांचा, किती वयाच्या, कोणत्या महिन्यांतला, मेलेली-विकलेली धरून की वगळून, यातले काहीच सोबत नसते. त्या आकड्यावर विसंबून कुणी तरी खुराकाची पोती उधारीवर उचलतो. आमचे म्हणणे एवढेच : आधी एकेका करडाची वाढ काढा, मग त्या वाढींची सरासरी घ्या. उलट क्रमाने केलेला हिशेब फसवतो, आणि कसा फसवतो ते वहीतल्या आकड्यांवरच दाखवता येते.

आधी काट्याकडे पाहू. शेळी रवंथ करणारी. पोटातला चारा-पाणी वजनाच्या दहा-पंधरा टक्के सहज भरतो. १४ किलोचे करडू चरून, पाणी पिऊन आल्यावर काट्याला लावले तर सकाळच्या वजनापेक्षा किलो-सव्वा किलो जास्त भरू शकते. रोज ६५ ग्रॅमने वाढणाऱ्या करडाला तेवढे खरे वजन कमवायला दोन-अडीच आठवडे लागतात. म्हणजे एका वेळी सकाळी आणि दुसऱ्या वेळी संध्याकाळी वजन घेतले तर पंधरवड्याची वाढ कागदावर आपोआप उगवते किंवा गायब होते. वजन सकाळीच घ्यावे, चरायला सोडण्याआधी, पाणी दाखवण्याआधी. दर वेळी तोच काटा, तीच झोळी, आणि झोळीचे वजन वजा केलेले. लटकता डिजिटल काटा ५० ग्रॅमचा फरकही दाखवणारा असावा, आणि सुरू करण्याआधी दुकानातले पाच किलोचे माप टांगून तो खरा आहे का ते पाहावे.

वही उघडली की नोंदी कशा झाल्या हे लगेच ओळखू येते. १२, १२.५, १३, १५ असे गोल आणि अर्धेच आकडे सगळीकडे दिसले, ११.३ किंवा १२.८ कुठेच नसले, तर वजने नजरेने टाकलेली आहेत. काट्याने घेतलेल्या वजनात शेवटचा आकडा कुठलाही येतो.

दुसरी गोष्ट कानातल्या बिल्ल्याची. सरकारी नोंदणीच्या बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक असतो. वहीत शेवटचे चार अंक लिहिले तरी चालतात, पण आपल्या कळपात ते चार अंक दोघांना सारखे नाहीत ना, हे आधी पाहून घ्यावे. ‘काळे, पांढऱ्या कानाचे’ ही खूण उस्मानाबादी कळपात निरुपयोगी, कारण बहुतेक करडे काळीच. बिल्ला तुटला तर त्याच दिवशी नवा क्रमांक जुन्यासमोर लिहावा. एकाच करडाचा धागा मध्येच तुटला की पुढचे सगळे संख्याशास्त्र हवेत राहते.

आता हिशेब. एका करडाची दर ३० दिवसांनी चार वजने घेतली : ९.८, ११.६, १३.९, १५.५ किलो. शेवटच्यातून पहिले वजा केले तर ५.७ किलो, भागिले ९० दिवस, म्हणजे रोजची वाढ ६३ ग्रॅम. यात मधली दोन वजने वाया गेली. चारही वजनांतून जाणाऱ्या रेषेचा उतार, म्हणजेच रोजची वाढ, काढायला समान अंतराच्या चार वजनांसाठी सोपी युक्ती आहे : शेवटचे वजा पहिले, त्याची तिप्पट, त्यात तिसरे वजा दुसरे मिळवा, दोन वजनांतल्या दिवसांच्या दहापटीने भागा. इथे ५.७ ची तिप्पट १७.१, अधिक २.३, एकूण १९.४, भागिले ३००, म्हणजे ०.०६४७ किलो. रोजचे ६४.७ ग्रॅम. एक्सेलमध्ये हेच काम ‘स्लोप’ हे सूत्र करते आणि तिथे दिवसांचे अंतर असमान असले तरी चालते. फक्त तारीख टिंबे देऊन लिहू नये. बऱ्याचदा ती तारीख न राहता नुसता मजकूर म्हणून साठते आणि हिशेबात धरली जात नाही.

या युक्तीत एक शहाणपण दडलेले आहे, ते पशुपालकाने ध्यानात घ्यावेच. चौथे वजन चुकून पाणी पाजल्यावर घेतले आणि ते १५.५ ऐवजी १६.७ भरले, तर उतार ६४.७ वरून ७६.७ ग्रॅमवर जातो. तीच १.२ किलोची चूक तिसऱ्या वजनात झाली तर उतार ६८.७ होतो. चूक तेवढीच, पण टोकाच्या वजनात ती तिप्पट बोचते. म्हणून पहिले आणि शेवटचे वजन लागोपाठ दोन सकाळी घेऊन त्यांची सरासरी लिहावी. मधल्या वजनांना एक सकाळ पुरे.

वय नेमके ९० दिवस नसेल तर वजन त्या वयावर आणून मगच तुलना करावी. जन्मवजन २.३ किलो, ९७ व्या दिवशी १०.४ किलो. वाढ ८.१, भागिले ९७, गुणिले ९०, अधिक २.३, म्हणजे ९० दिवसांचे वजन ९.८ किलो. हे न करता सात दिवस मोठ्या करडाला ‘जास्त वाढीचे’ म्हणणे म्हणजे पाचवीतल्या मुलाला चौथीच्या शर्यतीत पळवणे.

सर्वांत जास्त घोटाळा विकलेल्या आणि मेलेल्या जनावरांमुळे होतो. समजा दहा बोकड आहेत. सहा महिन्यांची वजने १२, १३, १३, १४, १४, १५, १५, १७, १८ आणि १९ किलो. सरासरी बरोबर १५. बकरी ईदला वरचे तीन गेले. उरलेल्या सातांची सरासरी १३.७. पुढच्या महिन्यात या सातांतला प्रत्येक बोकड दीड किलोने वाढला, सरासरी १५.२ झाली. वहीतल्या दोन सरासऱ्या शेजारी ठेवल्या तर दिसते काय? महिन्याला २०० ग्रॅम वाढ. खरी वाढ दीड किलो. पावसाळ्यात उलटे होते : जंतांनी किंवा आंत्रविषाराने (आतड्यांतल्या विषबाधेच्या रोगाने) लहान करडे दगावतात, तगडी उरतात आणि एकही करडू वाढले नसले तरी सरासरी चढते. लसीकरण आणि जंतनाशक वेळेवर नसलेल्या गोठ्यातला ‘उत्तम वजनवाढीचा’ आकडा काही वेळा निव्वळ मरतुकीचा आकडा असतो. मेलेल्या करडांची वजने खोडू नयेत. त्यांच्यासमोर तारीख आणि कारण लिहावे.

टक्केवारीनेही असाच चकवा बसतो. ८ किलोचे करडू १२ किलोचे झाले, वाढ ५० टक्के. १२ किलोचे १६.८ झाले, वाढ ४० टक्के. पण दुसऱ्याने ४.८ किलो कमावले आणि पहिल्याने ४. बाजारात भाव किलोवर ठरतो, टक्क्यावर नाही. दिवसाचे ग्रॅम लिहा, म्हणजे वाद राहत नाही.

आता खुराकाची तुलना, कारण वाचक यासाठीच पान उघडतो. सहा करडांना नेहमीचा चारा अधिक जादा खुराक, सहांना नुसता नेहमीचा चारा. प्रत्येक करडाचा स्वतंत्र उतार काढला. खुराकाच्या गटात रोजचे ६५, ५८, ७१, ६२, ४९, ६७ ग्रॅम, सरासरी ६२. दुसऱ्या गटात ५७, ५२, ६३, ४४, ६०, ५४, सरासरी ५५. फरक ७ ग्रॅम. इथेच थांबून ‘खुराकाने वाढ झाली’ असे छापले जाते. पण एकाच गटातल्या करडांत आपापसात किती फरक आहे ते पाहा : ४९ पासून ७१ पर्यंत. दोन्ही गटांतला हा विखुरलेपणा एकत्र धरला तर प्रमाण विचलन, म्हणजे करडे सरासरीपासून किती दूर पसरली आहेत त्याचे माप, साधारण ७.२ ग्रॅम येते आणि दोन सरासऱ्यांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो फरक नुसत्या योगायोगाने किती हलू शकतो त्याचा अंदाज, ४.२ ग्रॅम. बारा करडांसाठी संख्याशास्त्राच्या कोष्टकातला ९५ टक्के खात्रीचा गुणक २.२३, त्याने प्रमाण त्रुटीला गुणायचे, म्हणजे फरक ७ ग्रॅम, पण त्याच्या दोन्ही बाजूंना ९.३ ग्रॅमचा पट्टा. रोज २ ग्रॅमच्या तोट्यापासून १६ ग्रॅमच्या फायद्यापर्यंत काहीही खरे असू शकते. एवढ्या करडांवर निर्णय होत नाही.

नेमकी याच जागी सर्वांत मोठी चूक होते. करडे बारा, प्रत्येकाची वजने चार, म्हणून ‘४८ नोंदी’ असे लिहिले जाते. एका करडाची चार वजने म्हणजे चार वेगळी करडे नव्हेत. जे पहिल्यांदा जड होते ते चौथ्यांदाही जडच भरणार. ती वेगळी धरली तर प्रमाण त्रुटी निम्मी होऊन २.१ वर येते आणि तोच ७ ग्रॅमचा फरक सिद्ध झाल्यासारखा दिसतो. आकडेमोड बिनचूक असते, पण मोजायचे काय हेच चुकलेले असते. त्याच्याही पुढची अडचण अशी की सहाच्या सहा करडे एकाच कप्प्यात, एकाच गव्हाणीवर असली तर खरे म्हणजे तुलना करडांची नाही, दोन कप्प्यांची आहे. एका कप्प्यात ओल असेल, एक दांडगे करडू बाकीच्यांना खाऊ देत नसेल, तर तो फरक खुराकाच्या नावावर जमा होतो. निदान दोन-तीन कप्पे प्रत्येक गटाला द्यावेत, किंवा खुराक तरी प्रत्येकाला बांधून वेगळा घालावा.

मग करडे किती हवीत? एक चांगला ठोकताळा आहे. विचलनाचा वर्ग, भागिले जो फरक पकडायचा त्याचा वर्ग, गुणिले १६. इथे ५२.४ भागिले ४९ गुणिले १६, म्हणजे १७ च्या वर. प्रत्येक गटात १८ करडे. हा ठोकताळा प्रत्येक करडाला स्वतंत्र खुराक मिळतो असे धरून आहे. तेवढी नसतील तर वजने वाढवून फारसे साधत नाही. ९० दिवसांत चारऐवजी बारा वेळा वजन केल्याने काट्याची चूक कमी होते, पण करडा-करडांतला जन्मजात फरक तसाच राहतो. चार गावांतल्या चार पशुपालकांनी मिळून, प्रत्येकाने पाच-पाच करडांच्या दोन टोळ्या केल्या तर हा आकडा गाठता येतो. मात्र प्रत्येकाच्या गोठ्यात दोन्ही गट असले पाहिजेत. खुराक एका गावात आणि तुलना दुसऱ्या गावात, असे करू नये.

गट पाडताना चिठ्ठ्या टाकाव्यात. हाताने निवडले की तरतरीत करडू खुराकाकडे जातेच, मनात नसले तरी. जुळी करडे एकट्या करडापेक्षा जन्मतः हलकी असतात. जुळ्यांतले एक इकडे, एक तिकडे टाकावे, जोडी मात्र एकाच लिंगाची असावी. आणि सगळ्यांत रोडावलेली करडे निवडून त्यांनाच खुराक घालण्याचा मोह टाळावा. आजारातून उठलेले करडू नुसत्या पाल्यावरही भरून निघते, श्रेय मात्र पोत्याला मिळते.

मराठवाड्यात ऋतूचा मुद्दा वेगळा सांगावा लागतो. दिवाळीच्या सुमारास जन्मलेल्या करडांना बांधावरचा पाला, पुढे हरभऱ्याचे भूस आणि तुरीचा भुसा मिळतो. फाल्गुनातल्या करडांचे दूध तुटेपर्यंत वैशाखाचे ऊन डोक्यावर असते, शेवरी-सुबाभूळ सोडली तर हिरवे काही उरत नाही. या दोन तुकड्यांची वजने शेजारी ठेवून कुठल्याही खुराकाबद्दल बोलता येत नाही. तुलना एकाच महिन्यात जन्मलेल्या करडांची हवी.

ज्यांना पुढे जायचे आहे, विशेषतः परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी, सरळ रेषेवर थांबू नये. दूध तुटण्यापासून सहा महिन्यांपर्यंत रेषा बऱ्यापैकी चालते, पण जन्मापासून दोन वर्षांपर्यंतची वाढ वाकडी असते. आधी वेग घेते, मग मंदावते. त्यासाठी वाढीचे वक्र आहेत. १८२५ मध्ये बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी माणसांच्या मृत्युदरासाठी मांडलेले सूत्र आज जनावरांच्या वजनाला लावतात. त्यात तीन आकडे : पूर्ण वाढीचे वजन, सुरुवातीची मजल, आणि प्रौढपणाकडे जाण्याचा वेग. वाढीचा जोर सर्वांत जास्त कधी, हे सूत्रच ठरवते. गॉम्पर्ट्झमध्ये पूर्ण वजनाच्या ३६.८ टक्क्यांवर, लॉजिस्टिक नावाच्या दुसऱ्या वक्रात निम्म्यावर, बर्टालान्फीच्या वक्रात २९.६ टक्क्यांवर, ब्रॉडीच्या वक्रात असा बिंदूच नाही, वेग पहिल्या दिवसापासून उतरता. पूर्ण वजन ३४ किलो धरले तर गॉम्पर्ट्झप्रमाणे जोर साडेबारा किलोच्या आसपास आणि लॉजिस्टिकप्रमाणे १७ किलोला. म्हणून ‘खुराक कधी वाढवावा’ याचे उत्तर सूत्र निवडतानाच अर्धे ठरून जाते. चारही लावून पाहावेत, आणि प्रत्यक्ष वजन व वक्रावरचे वजन यांतला फरक वयासमोर मांडावा. तो फरक एका पट्ट्यात सलग उणे दिसला तर वक्र तिथे बसत नाही. मराठवाड्यात तो पट्टा बहुधा एप्रिल-मेचा निघतो, कारण हे वक्र फक्त चढतात. उन्हाळ्यात जनावर वजन गमावू शकते हे त्यांना ठाऊकच नाही.

दुसरा खड्डा याहून खोल. सहा महिन्यांपर्यंतचीच वजने देऊन ‘पूर्ण वजन’ काढायला सांगितले तर संगणक ६० किलोसुद्धा सांगेल. आकडे अजून सपाटीला आलेलेच नाहीत, मग सपाटी कुठे हे त्याला कसे कळणार? प्रकल्प अहवालांत तीन महिन्यांच्या ६ किलोला चारने गुणून वर्षाचे २४ किलो दाखवतात, तोही याच जातीचा प्रकार. मोजलेल्या वयाच्या पलीकडे आकडा नेऊ नये.

एकेका जनावराची रेषा आधी, ही कल्पना नवी नाही. संख्याशास्त्रज्ञ जॉन विशार्ट यांनी १९३८ मध्ये डुकरांच्या आहार प्रयोगात प्रत्येक डुकराच्या वाढीला स्वतंत्र वक्र लावून त्या वक्रांची तुलना केली होती. वाढीच्या वक्रांची तुलना कशी करावी यावर आपल्या सी. आर. राव या संख्याशास्त्रज्ञांचा निबंध १९५८ चा. आज हेच काम ‘मिक्स्ड मॉडेल’ एका पायरीत करते : गटाची एक रेषा आणि त्याभोवती प्रत्येक करडाची स्वतःची रेषा. ईदला विकलेल्या बोकडाची आधीची तीन वजने त्यात फुकट जात नाहीत. अट एकच, विकण्याचे कारण नोंदलेल्या वजनांत दिसले पाहिजे. जड होता म्हणून विकला, तर मॉडेल सांभाळून घेते. लंगडत होता म्हणून विकला आणि ते लिहिलेच नाही, तर कुठलेही सूत्र ते ओळखू शकत नाही.

पैदाशीचा बोकड निवडणाऱ्यांना या पद्धतीचा आणखी एक उपयोग आहे. दोनच वजने असलेल्या बोकडाचा उतार रोज ११० ग्रॅम दिसला तर त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. मॉडेल त्याला गटाच्या सरासरीकडे बरेच ओढते. सात वजने असलेल्याच्या ९० ग्रॅमना ते फारसे हलवत नाही. अशा वेळी सात वजनांचा बोकड निवडावा. सरावासाठी ‘आर’ ही फुकट संगणक प्रणाली घ्यावी. तिच्यासोबतच कोंबडीच्या ५० पिलांची, चार आहारांवरची, जन्मापासून २१ व्या दिवसापर्यंतची वजने मिळतात. बारा वेळा वजन म्हणजे ६०० नोंदी हव्यात, आहेत ५७८. उरलेल्या २२ कुठे गेल्या आणि त्याने कोणत्या आहाराची सरासरी फुगली, हे शोधण्यातच अर्धे शिक्षण आहे.

देवणी आणि लाल कंधारीच्या वासरांना काटा मिळत नाही, तिथे टेप वापरतात : छातीच्या घेराचा वर्ग गुणिले लांबी, सेंटिमीटरमध्ये, भागिले १०८४०. घेर १२२ आणि लांबी १०९ असेल तर १५० किलो. टेप एक सेंटिमीटर सैल धरली की १५२ च्या वर. जवळजवळ अडीच किलो नुसत्या हाताच्या ढिलेपणाने. कालवड रोज ३५० ग्रॅम वाढत असेल तर ही आठवड्याची वाढ झाली. टेपने विक्रीचा अंदाज बांधावा, महिन्यांची तुलना करायची तर एकाच माणसाने, तीनदा मोजून मधला आकडा घ्यावा. खुराकाची परीक्षा टेपवर करू नये.

आपल्याकडे विनंती अशी की वजनवाढीची बातमी छापताना जागा थोडी जास्त द्यावी. वरच्याच उदाहरणाची बातमी अशी होऊ शकते : ‘एकाच महिन्यात जन्मलेली १२ करडे, चिठ्ठ्या टाकून दोन गट, ९० दिवस, सकाळची उपाशी वजने चार वेळा. मृत्यू नाही, विक्री नाही. जादा खुराक रोज १०० ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी ९ किलो. रोजची वाढ ६२ आणि ५५ ग्रॅम. फरक ७ ग्रॅम, शक्य पट्टा उणे २ ते अधिक १६. तीन महिन्यांत सरासरी ६३० ग्रॅम जास्त वजन.’ पाच ओळी होतात. नऊ किलो खुराकाचा आजचा भाव आणि ६३० ग्रॅम जिवंत वजनाचा आजचा भाव वाचकाला आपल्या बाजारातला ठाऊक असतो. पुढचा हिशेब तो स्वतः करील.

आपले,
पशुसंवर्धन आणि संख्याशास्त्र शिकवणारे दोन वाचक, परभणी